नागीण आणि तिचे भाऊबंद : शरीरात दडून राहणारे विषाणू

लहानपणी कांजिण्या येतात, आठ-दहा दिवसांत खपल्या पडतात आणि घरातील सर्वजण तो आजार विसरून जातात. विषाणू मात्र शरीर सोडून जात नाही. कित्येक वर्षांनी तोच विषाणू छातीवर, कमरेवर किंवा कपाळावर फोडांच्या पट्ट्याच्या रूपाने पुन्हा डोके वर काढतो. त्याला आपण नागीण म्हणतो. हा विषाणू हर्पिस कुळातील आहे. 'हर्पिस' हे नाव ग्रीक भाषेतील 'सरपटणे' या अर्थाच्या धातूवरून आले असून संस्कृतमधील 'सर्प' शब्दाशी त्याचे मूळ एकच आहे.

माणसाला बाधणारे या कुळातील विषाणू आठ-नऊच आहेत; पण त्यांच्यापासून मुक्त असलेला प्रौढ माणूस विरळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अंदाजानुसार ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स-१ ची लागण ५० वर्षांखालील सुमारे ६४ टक्के लोकांना आहे.

दडण्याच्या जागा

पहिल्या लागणीनंतर कांजिण्यांचा व सिम्प्लेक्स विषाणू मज्जातंतूंमधून मागे सरकत त्यांच्या मुळाशी असलेल्या गाठींत पोहोचतात. तेथील पेशींच्या केंद्रकात विषाणूचा डीएनए वर्तुळाकार होऊन राहतो. या सुप्तावस्थेत त्याची बहुतेक जनुके बंद असतात. नवे विषाणू तयार होत नाहीत, त्यामुळे प्रतिकारशक्तीला त्याचा सुगावा लागत नाही. एप्स्टीन-बार विषाणू रक्तातील बी-पेशींत, तर सायटोमेगॅलो विषाणू अस्थिमज्जेतील पेशींत आश्रय घेतो. वाढते वय, कर्करोगावरील उपचार, स्टेरॉईड औषधे किंवा एचआयव्ही यांमुळे प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडला, की ही झोप मोडते.

येथेच औषधांची मर्यादा स्पष्ट होते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्याची स्थापना १९५४ मध्ये झाली. तेथे तयार झालेल्या पेनिसिलिनसारखी औषधे जीवाणूंना मारतात. विषाणूंवर ती निष्प्रभ ठरतात. विषाणूविरोधी अॅसायक्लोव्हीर हे औषध विषाणूच्याच एका विकराकडून कार्यान्वित होते. त्यामुळे वाढणारा विषाणू आटोक्यात येतो. झोपलेल्याला त्याचा स्पर्शही होत नाही.

भोसरीतील संशोधन

सुप्त विषाणू दुसऱ्या रोगाला वाट कशी करून देतो, याचा महत्त्वाचा पुरावा चिंचवडच्या शेजारीच मिळाला. भोसरी औद्योगिक वसाहतीत १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. आता ती राष्ट्रीय ट्रान्सलेशनल विषाणूविज्ञान व एड्स संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. या संस्थेने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने १९९३ ते २००० या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या, एचआयव्ही नसलेल्या २,७३२ जणांचा पाठपुरावा केला. त्यांच्यापैकी ४३ टक्के जणांना जननेंद्रियाच्या हर्पिसची, म्हणजे सिम्प्लेक्स-२ ची लागण आधीच झालेली होती. अशा व्यक्तींमध्ये एचआयव्ही होण्याचा धोका १.६७ पट, तर नुकतीच लागण झालेल्यांमध्ये ३.८१ पट आढळला. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

हर्पिसच्या व्रणांमुळे त्वचेचे कवच फाटते. शिवाय एचआयव्ही ज्या पेशींत शिरतो त्याच पेशी तेथे गोळा होतात आणि व्रण भरल्यावरही काही काळ रेंगाळतात. म्हणूनच, व्रण दडपणारे अॅसायक्लोव्हीर नियमित देऊनही एचआयव्हीची लागण कमी झाली नाही, असे २००८ मध्ये परदेशांतील एका मोठ्या चाचणीत दिसले, तेव्हा संशोधकांची निराशा झाली.

या कुळातील इतर सदस्यही दीर्घकाळ उपद्रव देतात. एप्स्टीन-बार विषाणू १९६४ मध्ये एका कर्करोगाच्या गाठीतच सापडला. अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवर आधारित २०२२ च्या अभ्यासात, या विषाणूच्या लागणीनंतर मल्टिपल स्क्लेरॉसिसचा धोका ३२ पट वाढल्याचे आढळले. अर्थात, लागण झालेल्या बहुसंख्य लोकांना असा कोणताही आजार होत नाही.

पहिले ७२ तास

नागिणीची दोन्ही टोके जुळली तर माणूस दगावतो, ही समजूत आजही घरोघरी ऐकू येते. तिला आधार नाही. एक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूच्या पट्ट्याला संवेदना पुरवतो; म्हणून फोड सहसा मध्यरेषेवर थांबतात. खरा धोका उशिराचा आहे. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू केल्यास आजार लवकर आटोक्यात येतो. गेरूचा लेप आणि मंत्र यांत नेमके हेच दिवस निघून जातात. नंतर काहींना महिनोन् महिने जळजळ आणि ठणका सोसावा लागतो. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास डोळ्याला इजा होऊ शकते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठणे आवश्यक आहे. तरुण वयात नागीण झाल्यास डॉक्टर एचआयव्ही तपासणीचा सल्ला देतात, तोही याच कारणाने.

नागिणीवरील दोन मात्रांची लस भारतात २०२३ पासून पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी उपलब्ध आहे. ही लस विषाणूला शरीराबाहेर काढत नाही. ती पहारा मजबूत करते. जन्मभराचा हा पाहुणा घालवता येत नाही, पण त्याला झोपलेला ठेवणे बऱ्याच अंशी शक्य आहे.