टाळे उघडल्यानंतर

टाळेबंदी हा शब्द आम्हा कामगार चळवळीतील माणसांना नवा नाही. मालक गिरणीच्या फाटकाला कुलूप लावतो, बाहेर नोटीस डकवतो आणि हजारो हात एका दिवसात रिकामे होतात; त्याला आम्ही टाळेबंदी म्हणत आलो. २०२० च्या मार्चमध्ये वर्तमानपत्रांनी हाच शब्द साऱ्या देशाला लावला. या वेळी कुलूप मालकाने लावले नव्हते. कोरोनाच्या साथीमुळे सरकारने लावले होते, आणि ते लावणे भागही होते. परंतु टाळेबंदी उठली की कामगार संघटना दोन प्रश्न विचारते. परत किती जण घेतले? आणि कोणत्या अटींवर घेतले? फाटक उघडले एवढ्यावर जो गुलाल उधळतो, तो संघटनेचा माणूस नव्हे. शाळांच्या बाबतीत हेच दोन प्रश्न विचारावेत, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम घडले ते क्रमाने पाहू. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात साथरोग कायदा लागू झाला. हा कायदा १८९७ चा, म्हणजे प्लेगच्या काळात इंग्रजांनी केलेला. त्याच महिन्यात शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून ठिकठिकाणी उघडू लागले, पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ अखेर. पण दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप लागले. ४ ऑक्टोबर २०२१ पासून खेड्यांत पाचवीच्या पुढचे व शहरांत आठवीच्या पुढचे वर्ग भरले. धाकट्यांची पाळी डिसेंबरात आली आणि जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा काही दिवस बंद झाल्या. अखेर २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, राज्यातील निर्बंध उठले. १५ जूनला घंटा झाली. विदर्भात उन्हामुळे ती नेहमीप्रमाणे उशिरा झाली. जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीत घातले, ते या दिवशी तिसरीत जाऊन बसले. शाळेचे पहिले पुरते वर्ष त्याला तिसरीत मिळाले!

असा प्रसंग आपल्या प्रांतावर पहिलाच आलेला नव्हता. १९१८ साली इन्फ्ल्युएंझाची साथ मुंबई बंदरातून देशभर पसरली. त्या वर्षी ६ ऑक्टोबर या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे दगावली आणि देशात एक कोटीहून अधिक बळी गेले. योगायोग असा की, याच १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पण त्या कायद्याने नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली, सक्ती केली नाही. ज्यांना करावयाचे त्यांनी करावे, असा तो मामला. साथ ओसरली आणि जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी महागाईविरुद्ध संप केला. पगाराचा प्रश्न निदान रस्त्यावर तरी आला. पोरक्या झालेल्या मुलांच्या पाटीपेन्सिलीचा प्रश्न कोणाच्या मागणीपत्रकात लिहावयाचा, हे मात्र ठरलेले नव्हते. मुलाला शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळण्यास १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. म्हणजे या वेळची साथ आली तेव्हा कायदा हाताशी होता. आता कसोटी कायद्याची नव्हती, अंमलाची होती.

आता पहिला प्रश्न : परत कोण आले?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले, चाती फिरू लागली. पण हजारो कामगारांना पुन्हा फाटकाच्या आत पाऊल टाकता आले नाही. भोंगा वाजणे वेगळे आणि कामगार मस्टरवर येणे वेगळे. शाळेची घंटाही तशीच आहे.

पटाचे आकडे पाहिले तर जीव भांड्यात पडतो. ‘असर’ नावाची पाहणी देशाच्या ग्रामीण भागात होते. तिच्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलांपैकी शाळेत नाव असलेली मुले २०१८ मध्ये ९७.२ टक्के होती, २०२२ मध्ये ती ९८.४ टक्के झाली. सरकारी शाळांतील मुलांचे प्रमाणही ६५.६ वरून ७२.९ टक्क्यांवर गेले. खासगी शाळेची फी पेलेनाशी झालेल्या बापाला सरकारी शाळेनेच दार उघडले, ही गोष्ट त्या शाळांना नावे ठेवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

परंतु पटावर नाव असणे म्हणजे बाकावर मूल असणे नव्हे. ऊसतोडीच्या कोयत्याबरोबर गाव सोडणारे मूल, बापाचा रोजगार गेला म्हणून गॅरेजात हात काळे करणारा मुलगा, धाकट्या भावंडांना सांभाळता सांभाळता घरीच राहिलेली मुलगी, ही टक्केवारीत सापडत नाहीत. दारोदार जाऊनच सापडतात. राज्याने जुलै २०२२ मध्ये ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ ही शोधमोहीम काढली, ती योग्यच होती. पण मोहीम पंधरा दिवसांची असते आणि स्थलांतर दरवर्षीचे असते.

शाळा म्हणजे केवळ गुरुजी आणि विद्यार्थी असेही नव्हे. खिचडी शिजविणाऱ्या ताईंची चूल थंड पडली आणि मुलांना कोरडा शिधा वाटला गेला. या ताईंसाठी केंद्राने २००९ मध्ये ठरविलेले मानधन महिना १,००० रुपये, तेही वर्षातील दहाच महिने! तासिका तत्त्वावरील शिक्षकाचा करारच असा की, तास नाही तर पैसा नाही. मुलांची ने-आण करणारा रिक्षावाला तर कोणाच्याच मस्टरवर नव्हता. शाळा पूर्ववत झाली असे म्हणताना या माणसांचीही हजेरी घेतली पाहिजे.

दुसरा प्रश्न : कोणत्या अटींवर?

बंदच्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा होती. ज्या घरात एकच मोबाईल आणि तोही बापाच्या खिशातून सकाळी कामावर जाणारा, त्या घरात शिक्षण संध्याकाळी सुरू होई आणि चार्जिंग संपेपर्यंत चाले. सोलापूरच्या नीलमनगरात, यंत्रमाग व विडी कामगारांच्या वस्तीत, तेथील शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगविले. भिंतीला रिचार्ज लागत नाही! कामगारांच्या मुलांसाठी कामगारवस्तीतच सुचलेली ही युक्ती आम्हांस मोठमोठ्या योजनांहून मोलाची वाटते. उलट २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. मुलांचा त्यात दोष नाही. पण कागदाचे शहाणपण ते कागदाचेच.

वाचनाची गोष्ट पाहा. ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येई, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. २०२२ मध्ये ते १६.३ वर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ वर चढले. नुकसान भरून निघते, हे शिक्षकांनी सिद्ध केले. त्यांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण श्रोतेहो, हे आकडे उलट बाजूनेही वाचा. साथीच्या आधी, सारे ‘सुरळीत’ असताना, पाचांतील चार मुलांना तो धडा वाचता येत नव्हता! मग पूर्ववत म्हणजे काय? टाळेबंदी उठल्यावर जुन्याच पगारावर समाधान मानणारी संघटना कामगारांचे भले करीत नाही. तोच न्याय येथेही लागू आहे. साथीच्या निमित्ताने आपण काही वर्षे मुलांचे वाचन मोजले, पंचेचाळीस दिवसांचे सेतू अभ्यासक्रम घेतले, गळालेली मुले शोधली. ही कामे आणीबाणीची म्हणून केली. वास्तविक ती दरवर्षीचीच आहेत.

यासाठी मुंबई-दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला कायद्याने व्यवस्थापन समिती आहे आणि तीत पालकांना बहुमत आहे. आपल्या गल्लीतील शाळेच्या समितीच्या पुढच्या सभेला जा. हजेरीपट मागा आणि दोन प्रश्न विचारा. जे मूल आले नाही त्याचे नाव काय, ते राहते कुठे? आणि जे आले आहे, त्याला वाचता येते का? या दोहोंचे उत्तर मिळेपर्यंत सभा उठू देऊ नका.