मानशीची राखण

मांडवीकाठची खाजणे आपण पाहतो. ती राखणारी संस्था मात्र नजरेआड राहते. मानशीची दारे भरतीला आपोआप मिटत, ओहोटीला उघडत. बांधाची डागडुजी गावकारीच्या सामाईक उत्पन्नातून होई. १५२६ च्या फोरालाने पोर्तुगीजांनीही गावकारीचे रीतिरिवाज लेखी मान्य केले. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला, हे आम्ही नाकारीत नाही. पण गावकारीचा खंड घटला आणि बांधांचा भार पुढे कूळ-संघांवर आला. मानशीतल्या मासळीचा लिलाव पूर्वीही होई. आता त्याचाच मोह वाढला. मासळीसाठी दारे भलत्या वेळी उघडी राहिली, की खारे पाणी शेतात शिरते. मासळीचे पैसे घेणारा एक, भात गमावणारा दुसरा. पूर्वी दोहोंचा हिशेब एकाच वहीत असे.