झिजलेला ब्रेक जातो कुठे?

मोटारीचे ब्रेक पॅड किती टिकतात? गॅरेजमध्ये विचारल्यास उत्तर बहुधा ३० ते ७० हजार किलोमीटरच्या दरम्यान येते. डिस्क, म्हणजेच रोटर, साधारणपणे पॅडचे दोन संच संपवून मगच निरोप घेते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हेच आयुष्य किलोमीटरमध्ये नव्हे, उतारांमध्ये मोजावे लागे. हा पल्ला कसा गाठला गेला आणि त्याची किंमत कोणी चुकवली, हा आजच्या धाग्याचा विषय.

ऑगस्ट १८८८. बेर्टा बेंझ पतीला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. उतारांवर ब्रेकचे ठोकळे इतके झिजले की वाटेतल्या बाउश्लोट गावी त्यांनी चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले, असे सांगितले जाते. या प्रवासाचा उल्लेख सहसा साहसकथा म्हणून होतो; माझ्या मते त्यातला चांभार अधिक महत्त्वाचा आहे. महागडे चाक वाचवायचे असेल तर त्यावर घासणारी वस्तू स्वस्त, मऊ आणि बदलता येण्याजोगी हवी. आजचे पॅड आणि डिस्क यांचे नाते याच तत्त्वावर उभे आहे.

चामडे आणखी एका कथेत येते. इंग्लंडमधील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान उतारावर चाकाला जुने बूट दाबून धरीत. ते पाहून हर्बर्ट फ्रूड या गृहस्थांनी १८९७ पासून ब्रेकच्या अस्तरावर प्रयोग आरंभले. त्यांच्या उद्योगाचे ‘फेरोडो’ हे नाव आडनावातील अक्षरे फिरवून आणि पत्नी एलिझाबेथ यांच्या नावातले एक अक्षर मिसळून बनलेले. त्यांची सुरुवातीची अस्तरे कापसाच्या विणीची होती. ती घोडागाडीला पुरली, मोटारीला पुरेनात.

कारण साधे आहे. ब्रेक गाडीची गती गिळतो आणि तिची उष्णता करतो. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. कापूस जळू लागे. धातूवर धातू घासून पाहावे, तर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेला डिस्क ब्रेक कर्कश किंचाळे आणि लवकर झिजे. (टिकाऊपणा केवळ किलोमीटरमध्ये सांगणे अपुरे का, हेही येथेच उमगते. बोरघाट तिसऱ्या गिअरमध्ये उतरणारा आणि पायाखाली ब्रेक दाबून उतरणारा, यांचे पॅड एकाच दिवशी बदलले तरी एकाच दिवशी संपणार नाहीत.)

फ्रूड यांना १९०८ च्या सुमारास उत्तर सापडले ते ॲस्बेस्टॉसमध्ये. हे खनिज जळत नाही, कापसासारखे कातता-विणता येते, स्वस्त आहे आणि तापल्यावरही पकड सोडत नाही. पुढील जवळपास सात दशके जगातील बहुतेक मोटारी ॲस्बेस्टॉसवरच थांबत होत्या.

मात्र झिजणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. पॅडचा जो थर कमी होतो, तो धूळ होऊन कुठेतरी जातोच.

ती धूळ प्रथम कारखान्यातल्या माणसांच्या छातीत सापडली. रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसचे सूत कातणाऱ्या नेली केरशॉ १९२४ मध्ये वारल्या, वय ३३. डॉ. विल्यम कुक यांनी त्यांच्या फुप्फुसांची तपासणी करून मृत्यूचे कारण ते तंतूच असल्याचे त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. कंपनीने भरपाई नाकारली. हा कारखाना ज्या टर्नर अँड न्यूऑल समूहाचा होता, त्याच समूहात काही वर्षांत फेरोडोही सामील झाली. १९३० मध्ये मेरवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, १९३१ मध्ये नियम झाले. पण ते कारखान्यातील धुळीसाठी. गॅरेजमध्ये ड्रम उघडून हवेच्या पाइपाने लायनरवरची भुकटी उडवून देणारा मेकॅनिक त्या नियमांच्या नजरेतच नव्हता.

इकडे गाड्यांचे वेग वाढत होते. १९५३ च्या ल मां शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार जिंकली. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएस ही घरगुती मोटार पुढच्या चाकांना डिस्क घेऊन आली. ड्रममध्ये कोंडलेली उष्णता आता मोकळी झाली, आणि आजवर बऱ्याच अंशी ड्रममध्येच साठणारी भुकटी थेट रस्त्यावर पडू लागली.

ब्रिटनने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली १९९९ मध्ये, म्हणजे केरशॉ यांच्या मृत्यूनंतर ७५ वर्षांनी. अमेरिकेत १९८९ चा बंदी आदेश १९९१ मध्ये न्यायालयाने बव्हंशी रद्द केला. सुट्या ब्रेक पॅडनाही लागू होणारी बंदी २०२४ मध्ये आली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला. मात्र पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी आजही नाही. न्यायालयाचा शब्द आणि गॅरेजची फरशी यांतले हे अंतर आपल्याकडच्या इतिहासलेखनात फारसे आलेले नाही, याची मला खंत वाटते.

ॲस्बेस्टॉसची जागा ॲरॅमिड तंतू, पोलाद आणि तांबे यांनी घेतली. तांबे उष्णता झपाट्याने वाहून नेते. मग पावसाच्या पाण्याबरोबर तेच तांबे खाड्या-ओढ्यांत पोहोचले. विरघळलेले तांबे सामन माशांची गंधक्षमता बिघडवते, आणि शत्रूची चाहूल लागण्यासाठी सामनला तीच हवी असते. म्हणून २०१० मध्ये कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या राज्यांनी पॅडमधील तांबे टप्प्याटप्प्याने जवळपास संपवण्याचे कायदे केले.

२०२४ मध्ये युरोपने संमत केलेल्या ‘युरो ७’ नियमांनी ब्रेकमधून उडणाऱ्या कणांनाच मर्यादा घातली: साध्या मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, विजेच्या मोटारींना ३. विजेची मोटार बहुतेक वेळा मोटरच्या उलट ओढीनेच थांबते, त्यामुळे तिचे पॅड कितीतरी अधिक टिकतात. तिथे आता मेकॅनिक वेगळीच तक्रार करतात: पॅड शाबूत आहे, डिस्क मात्र न वापरल्यामुळे गंजली आहे.