कटिंग स्पीडचा आकडा येतो कुठून? लेथपासून पीसीबीपर्यंत

पीसीबी मिलिंग करताना नवीन माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो: टूल कुठलं लावू, आरपीएम किती ठेवू, फीड किती देऊ? मग तो कुठला तरी तक्ता शोधतो, त्यातला आकडा मशीनमध्ये भरतो आणि पुढे जातो. पण हा आकडा मुळात कोणी आणि कशासाठी काढला, हे कळलं तर तो वापरायची पद्धतच बदलते. म्हणून आज थोडा इतिहास.

फ्रेडरिक टेलर १८७८ साली फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कंपनीत कामाला लागला आणि लवकरच लेथवाल्यांचा मुकादम झाला. तिथे रोजचं भांडण ठरलेलं. कामगार मुद्दाम हळू काम करायचे, आणि त्याला कारणही होतं. जास्त नग काढले की मालक प्रत्येक नगाचा दर कमी करायचे. एखादं काम खरं किती वेळाचं, हे फक्त कामगाराच्या हाताला माहीत होतं. टेलरला ते कागदावर हवं होतं. १८८० मध्ये त्याने प्रयोग सुरू केले. अंदाज होता सहा महिन्यांचा, लागली २६ वर्षं!

१९०६ च्या डिसेंबरमध्ये त्याने अमेरिकन मेकॅनिकल इंजिनियर्सच्या संस्थेपुढे सगळा हिशोब मांडला. नोंदवलेले प्रयोग ३०,००० ते ५०,०००, आणि त्यात ८,००,००० पौंडांहून जास्त लोखंड-पोलादाचा कीस झाला. वेगावर परिणाम करणाऱ्या १२ गोष्टी त्याने वेगळ्या काढल्या: धातूचा कठीणपणा, टूलचा आकार, कापाची खोली, थंड करायला सोडलेलं पाणी वगैरे. त्याचा सहकारी कार्ल बार्थ याने हे सगळं एका स्लाइड रूलवर बसवलं. आता वेग ठरवायला अनुभवी कारागीर लागणार नव्हता, पट्टी सरकवली की उत्तर तयार.

यातला कळीचा मुद्दा असा, की टेलरने ‘या धातूचा योग्य वेग’ असं काही शोधलंच नव्हतं. त्याने शोधलं ते ‘टूल अमुक मिनिटं टिकवायचं असेल तर वेग किती’. त्याच्या सूत्रानुसार वेग थोडा वाढला तरी टूलचं आयुष्य धाडकन खाली येतं. हायस्पीड स्टीलसाठी सूत्रातला घातांक साधारण ०.१२५ धरतात. म्हणजे वेग दुप्पट केला तर आयुष्य २५६ पट कमी! कार्बाइडसाठी तो ०.२५ च्या आसपास धरला, तर १६ पट कमी. थोडक्यात, प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं की टूल स्वस्त की वेळ स्वस्त.

ते कोणी ठरवायचं, यावरून पुढे वाद पेटला. १९११ साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात घड्याळ लावून काम मोजण्याविरुद्ध मोल्डर कामगारांनी संप केला. प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेलं आणि १९१२ मध्ये टेलरला चौकशी समितीपुढे साक्ष द्यावी लागली.

आता पीसीबीकडे येऊ. टेलरच्या लेथवर टूलचा मोठा शत्रू होता उष्णता. एफआर-४ बोर्डात शत्रू वेगळा आहे: इपॉक्सीत बसवलेले काचेचे धागे. तांबं मऊ, पण काच टूलची धार घासून घालवते. हायस्पीड स्टील इथे पटकन बोथट होतं, म्हणून कार्बाइड लागतं. कार्बाइडचं मूळही मजेशीर आहे. जर्मनीत दिव्यांसाठी टंगस्टनची तार ओढायला कठीण डाय हवी होती, त्यातून ते आलं. १९२० च्या दशकात क्रुप कंपनीने ते ‘विडिया’ म्हणजे ‘हिऱ्यासारखं’ या नावाने बाजारात आणलं.

दुसरा फरक व्यासाचा. ०.८ मिमी एंड मिल २४,००० आरपीएमवर फिरवली तर धारेचा वेग मिनिटाला सुमारे ६० मीटर होतो. तोच वेग ०.२ मिमी टोकाला हवा असेल तर साधारण ९५,००० आरपीएम लागतील. टेबलावरच्या छोट्या मशीनला हे झेपत नाही. म्हणजे तक्त्यातला कटिंग स्पीड गाठणं बहुतेकदा आपल्या हातात नसतंच. स्पिंडल शक्य तेवढा जोरात ठेवायचा आणि फीड सांभाळायचा. २४,००० आरपीएम, दोन धारा आणि मिनिटाला २४० मिमी फीड असेल, तर प्रत्येक धार ५ मायक्रॉन कापते. फीड फारच कमी केला तर धार कापायच्या ऐवजी नुसती घासते आणि उलट लवकर मरते. फार वाढवला तर बारीक टूल मोडतं.

तेव्हा तक्ता जरूर वापरा, पण त्याला दोन प्रश्न विचारा: हा आकडा कुठल्या मटेरियलसाठी काढलाय, आणि टूल किती वेळ टिकावं असं धरून? एकच बोर्ड काढायचा असेल तर टूल थोडं जास्त झिजलेलं चालेल. पन्नास काढायचे असतील तर उत्तर वेगळं. हा निर्णय एकेकाळी कामगाराच्या हातातून काढून पट्टीवर नेला गेला होता. आज मशीन तुमच्यासमोर आहे, टूलचे पैसेही तुमचेच, तर तो निर्णय तुम्हीच घ्या. आणि हो, काचेची धूळ फुफ्फुसाला वाईट. आकडा कुठलाही असो, व्हॅक्यूम आणि मास्क लागतोच.