साठलेल्या सुताचं काय करायचं?

गटाच्या कपाटात उरलेलं सूत आणि लोकर साठली, की नुसती जागा अडत नाही, गटाचा पैसाही अडकतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. शंभर वर्षांपूर्वी खादीच्या कामातही असंच सूत साठलं होतं. ते कसं मार्गी लावलं, ते आज ऐकू या.

१९२४ साली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं. महात्मा गांधी अध्यक्ष होते. सभासदाने वर्षाला २४,००० वार सूत द्यावं, असं तिथे ठरलं. स्वतः कातणं होत नसेल, तर दुसऱ्याकडून कातून घेऊन द्यायचं. १९२५ मध्ये चरखा संघ स्थापन झाला. सूत जमू लागलं, पण कातणारे पुष्कळ हात नवखे. कुणाचं सूत जाड, कुणाचं बारीक, कुणाचं कच्चं. मागावर धागा सारखा तुटे, म्हणून विणकर ते घ्यायला नाखूश असत.

यावर उपाय होता मोजणीचा आणि निवडीचा. ४ फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी, असं माप होतं. सगळ्या गुंड्यांची लांबी सारखी, त्यामुळे पुढचं तराजू सांगे. गुंडी हलकी तर सूत बारीक, जड तर सूत जाड. मग ज्याला त्याला काम. पक्कं सूत ताण्याला, कारण ओढ त्याच्यावर पडते. नरम सूत बाण्याला. कमजोर धागे दोन-दोन एकत्र पिळून दुबटा करायचा. जाड सुताच्या सतरंज्या आणि आसनं.

गांधीजी गेल्यावर पवनारला दर १२ फेब्रुवारीला सूतांजली वाहिली जाऊ लागली, माणशी एक गुंडी. एका गुंडीचं लुगडं होत नाही, पण गुंड्या एकत्र आल्या की थान होतं.

आपल्या भागातही हे काम आहे. राष्ट्रध्वजासाठी उदगीरला खादी विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वज तयार होतात. त्या कापडाचे निकष कडक असतात. तिथे निवडलेलंच सूत लागतं.

तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचं उरलेलं सूत आणि लोकर आणावी. आधी वजन करून वहीत नोंदवा. मग जाडी आणि रंग पाहून वेगळं करा. बारीक लोकरीचे दोन पदर एकत्र विणा. एकीकडे पुरत नसेल, तर दोघींचं मिळून टोपडं होईल. अगदी तुकडे उरले तर तोरणाचे गोंडे करा किंवा पायपुसणी विणा. जिचं जेवढं वजन, तेवढा विक्रीतला वाटा तिच्या नावावर लिहा.

आणि नवीन लोकर आणायचा ठराव त्यानंतरच मांडा.