मीठ, कोळसा आणि बनिहालची वाट



परवा घरात सिलिंडर संपत आला. सूनबाईने मागच्या दाराला तीन दगड मांडून आंघोळीचं पाणी तापायला ठेवलं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मामा, हा सिलिंडर महिनाअखेरपर्यंत पुरवायचाय. तेलाचा भाव ऐकलात ना? आता फोडणीसुद्धा मोजून." मी गप्प बसलो. पण काटक्यांचा धूर नाकात गेला आणि मन एकदम काश्मीरला पोचलं.

मी आर्मी सर्व्हिस कोअरचा. लढाऊ पलटणीतले दोस्त आम्हाला चेष्टेने 'आटा-दालवाले' म्हणायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हवालदार असताना श्रीनगरकडच्या एका सप्लाय डेपोत माझी पोस्टिंग होती. तिथे आमचं वर्ष एका कामाभोवती फिरायचं, ते म्हणजे अ‍ॅडव्हान्स विंटर स्टॉकिंग. बर्फाने वाटा बंद व्हायच्या आत वरच्या चौक्यांचा सगळा हिवाळ्याचा शिधा, रॉकेल, डाळ, मीठ पोचवायचं. किती माणसं, किती दिवस, दिवसाला किती ग्रॅम, सगळा हिशेब कागदावर. आपण फार मोठं शास्त्र चालवतो असं तेव्हा वाटायचं.

आमच्या डेपोला ताजी भाजी पुरवणारे एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. एकदा ऑक्टोबरात त्यांच्या घरी चहाला गेलो. ओसरीवर, खिडक्यांना, वळचणीला माळा लटकलेल्या. दुधी भोपळ्याच्या चकत्या, वांग्याच्या फोडी, टोमॅटो, शलजमच्या गोल कापा, सगळं उन्हात वाळत घातलेलं. तिकडे या वाळवणाला 'होख स्युन' म्हणतात, म्हणजे सुकी भाजी. सुकी मासळीही असते. अंगणात त्यांच्या घरच्या बायका चिनारची पडलेली पानं गोळा करून पेटवत होत्या आणि राख व्हायच्या आत वर पाणी शिंपडत होत्या. तो कोळसा पोत्यात भरून ठेवायचा आणि हिवाळाभर कांगडीत घालायचा. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेलं मातीचं भांडं. फिरनच्या आत धरलं की माणूस चालताबोलता शेकत राहतो. झाडाचं पान फुकट, मेहनत घरची. आपल्याकडे पावसाळ्याआधी गोवऱ्या रचतात, सांडगे-कुरडया घालतात, तसंच हे. आपण त्याला बेगमी म्हणतो. आमचं ते इंग्रजी नावाचं शास्त्र या बायका पिढ्यान्पिढ्या कागदाशिवाय चालवत होत्या.

ही बेगमी हौसेची नव्हती. तिच्यामागे इतिहास आहे, आणि तो रस्त्याचा इतिहास आहे.

काश्मीर खोऱ्याला 1947 पर्यंत बारमाही वाट एकच होती. रावळपिंडीचं रेल्वे स्टेशन, मग कोहाला, दोमेल, उरी, बारामुल्ला. झेलमच्या काठाकाठाने येणारा हा गाडीरस्ता 1890 च्या सुमारास बारामुल्लापर्यंत आला आणि पुढे श्रीनगरला जोडला गेला. जम्मूकडून बनिहाल घाटाचा रस्ता 1922 मध्ये सर्वांना खुला झाला, पण तो नऊ हजार फुटांवरून जाणारा, हिवाळ्यात बर्फाखाली गडप. म्हणजे रॉकेल, साखर, कापड आणि मीठ, सगळं रावळपिंडीकडून. मीठ तर पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतलं, दगडासारखं. काश्मिरी माणूस चहासुद्धा मिठाचा पितो. त्याचं नावच नून चाय, नून म्हणजे मीठ. मीठ नाही तर सकाळ नाही.

ऑगस्ट 1947 मध्ये महाराजा हरिसिंगांच्या सरकारने पाकिस्तानशी 'जैसे थे' करार केला. पण सप्टेंबरपासून या रस्त्याने येणारा माल आटू लागला. काश्मीर सरकारने तक्रारी केल्या की मीठ, पेट्रोल, धान्य अडवलं जातंय. पाकिस्तानचं उत्तर होतं की पंजाबात दंगली चालू आहेत, ट्रकवाले यायला तयार नाहीत. उत्तर काहीही असो, बाजारातलं मीठ संपत चाललं होतं. 27 सप्टेंबरला पंडित नेहरूंनी सरदार पटेलांना पत्र लिहिलं, त्यातही ही काळजी होती की हिवाळा तोंडावर आहे, जम्मूची वाट बंद होईल आणि काश्मीर बाकी देशापासून तुटेल.

मग ऑक्टोबरात टोळीवाल्यांचा हल्ला आला. 24 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, उरी-बारामुल्लाच्या मधलं मोहराचं वीजघर त्यांच्या हाती पडलं आणि श्रीनगर अंधारात गेलं. 27 तारखेला आपली 1 सिख पलटण डाकोटा विमानांनी श्रीनगरला उतरली. 8 नोव्हेंबरला बारामुल्ला आणि त्याच आठवड्यात उरी परत मिळालं. हे सगळं आपण रेजिमेंटच्या इतिहासात वाचतो. पण उरीच्या पुढे रस्ता बंद झाला, आणि घराघरात हिवाळा कसा निघाला हे त्या पुस्तकांत नसतं.

ते मला चाचांनी सांगितलं. तेव्हा ते दहाएक वर्षांचे. त्यांच्या घरी मिठाचा मुठीएवढा एक खडा उरला होता. आई तो फडक्यात बांधून स्वतःच्या अंगाशी ठेवायची. भाजीला उकळी आली की दोऱ्याने खडा आत सोडायचा, दोन वेळा फिरवायचा, की लगेच बाहेर काढून पुसून परत फडक्यात. दिवा लावायला रॉकेल नाही, म्हणून उजेड असेतो जेवून घ्यायचं. भात आणि वाळवणाची भाजी होती, कांगडीत चिनारचा कोळसा होता, म्हणून घर जगलं. "भाजी आणि कोळसा आईने आधीच साठवला होता. मीठ तेवढं घरात बनत नाही ना," चाचा म्हणाले.

मी डेपोत परत आलो तेव्हा गोदामात मिठाची पोती छतापर्यंत रचलेली होती. रोज त्यांची मोजदाद करत होतो, पण त्या दिवशी ती पोती वेगळी दिसली. खाल्ल्या मिठाला जागावं असं आपण फौजी नेहमी म्हणतो. मीठच नसणं म्हणजे काय, हे मी तोवर कधी मनात आणलं नव्हतं.

सरकारांनीही आपापल्या परीने उपाय केले. महाराजांच्या काळी सारा धान्यात वसूल व्हायचा आणि ती शाली, म्हणजे भात, श्रीनगर शहरात स्वस्त दराने विकली जायची. शहर शांत राहायचं, पण त्या स्वस्ताईची किंमत पिकवणाऱ्या खेड्याने भरलेली असायची. 1877 ते 1879 च्या दुष्काळात खेडीच्या खेडी ओस पडली, त्यामागे ही वसुलीही होती. दुसरा उपाय रस्त्याचा. डिसेंबर 1956 मध्ये बनिहालखालचा जवाहर बोगदा सुरू झाला, सुमारे पावणेतीन किलोमीटरचा. खोऱ्याला पहिल्यांदा भारताच्या बाजूने हिवाळ्यातली वाट मिळाली. तरी रामबनकडे दरड कोसळली की चार-चार दिवस सगळं ठप्प. तिसऱ्या दिवशी श्रीनगरच्या बाजारात टोमॅटो, अंडी, मटण, गॅस यांचे भाव चढलेले. भाव दुकानदारापेक्षा रस्ताच ठरवायचा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रस्ता खुला झाला की पहिल्यांदा आमचा कॉन्व्हॉय सुटायचा. ते गरजेचंच होतं. वर चौक्यांवर पोरं बसलेली होती, आणि सुरक्षेचा प्रश्न तर होताच. पण कडेला थांबवलेल्या ट्रकांत भाज्या, कोंबड्या, सिलिंडर असायचे आणि ड्रायव्हर टायरला टेकून आमच्या गाड्या मोजत बसायचे. त्या थांबण्याचे पैसे शेवटी कुठल्या तरी घरातल्या बाईच्या हिशेबात जमा होत होते. आमच्या कागदांवर तो आकडा कधीच नव्हता.

आता साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा 2021 पासून चालू आहे. जून 2025 मध्ये चिनाबच्या पुलावरून रेल्वेही खोऱ्यात पोचली. त्याच वर्षी पावसाने महामार्ग बंद पडला आणि सफरचंदांचे ट्रक अडकले, तेव्हा बडगामहून सफरचंदं रेल्वेने निघाली. हे पाहून माझ्यासारख्या रसदवाल्याचा ऊर भरून आला. पण चाचांच्या घरच्या त्या माळा अजून लटकतात का, असाही प्रश्न पडला. रस्ता चांगला झाला की घरातली कोठी लहान होते. रोजची भाजी रोज आणायची सवय लागते. मग एखाद्या वर्षी वाट अडली की पहिला फटका त्या सवयीला बसतो.

माझ्या आईने बहात्तरच्या दुष्काळात मिलोच्या लाल भाकरी थापल्या. आम्ही नाक मुरडायचो, ती गप्प राहायची. तिच्या उतरंडीत तळाच्या मडक्यात थोडी ज्वारी शेवटपर्यंत होती, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. ती जेवायला शेवटी बसायची, तेही तेव्हाच कळलं.

म्हणून परवा सूनबाईला मी सल्ला दिला नाही. कोयता घेऊन बांधावर गेलो, वाळलेल्या बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि पाऊस यायच्या आत मागच्या पडवीत रचून ठेवल्या. किती दिवस पुरतील ते मोजलं. जुनी सवय. दिवसाला एक घागर पाणी तापवायचं धरलं तर पस्तीस दिवस.

जय हिंद.