गोव्यातील शिवलेल्या होड्या : रचना आणि जतनाचा प्रश्न

पेडणे तालुक्याच्या उत्तरेला तेरेखोल व दक्षिणेला शापोरा नदी वाहते. डिचोली तालुक्यातील नार्वे हे गाव दिवाडी बेटासमोरच्या काठावर वसलेले आहे. पाण्याने वेढलेल्या या प्रदेशाचा इतिहास लहान होड्यांचा विचार केल्याशिवाय पूर्ण होत नाही.

लिखित साधनांत जलवाहतुकीचे उल्लेख आढळतात. कदंब राजा पहिला जयकेशी याच्या इ. स. १०५३ च्या पणजी ताम्रपटात, मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर घेण्याचा अधिकार अरब वंशाच्या अधिकाऱ्यास दिल्याचे नमूद आहे. वीरगळांवर नौकांच्या आकृतीही आहेत. परंतु नौका प्रत्यक्ष कशी बांधत, याचे उत्तर ही साधने देत नाहीत. ते कारागिराच्या हातातच होते.

या किनाऱ्यावरील रापणीच्या व शिडाच्या होड्यांत फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवण्याची पद्धत होती. फळ्यांच्या कडांना भोके पाडून, सांध्यावर काथ्याची गादी ठेवून ती दोरीने आवळत. अशी होडी लाटेत व वाळूवर आपटताना किंचित लवते, म्हणून फुटत नाही. दोरी मात्र कुजते, त्यामुळे होडी ठरावीक काळाने उसवून पुन्हा शिवावी लागे. या दुरुस्तीतच नवी पिढी काम शिकत असे. यांत्रिक व फायबरच्या होड्या आल्यावर शिवण थांबली आणि शिक्षणही खंडित झाले.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार सामान्यतः शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. खाऱ्या पाण्यातील लाकडी होडी तेवढी क्वचितच टिकते. नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झाला; दगडी वास्तूला असे संरक्षण मिळते, होडीला मिळत नाही.

या संदर्भात भारतीय नौदलाच्या 'कौंडिण्य' या शिडाच्या नौकेचे उदाहरण बोलके आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून तिची रचना ठरविण्यात आली. मूळ आराखडा उपलब्ध नसल्याने आयआयटी मद्रासमध्ये तिच्या चाचण्या घ्याव्या लागल्या. बांधणी गोव्यात झाली, पण शिवणकामासाठी केरळचे कारागीर आणावे लागले. २१ मे २०२५ रोजी ती कारवार येथे नौदलात दाखल झाली आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली.

यावरून असे दिसते की, एक नौका पुन्हा उभारता येते. परंतु गावोगावच्या लहान होड्यांचे भेद चित्रांवरून परत मिळणार नाहीत. त्यासाठी नदीकाठी पडून असलेल्या होड्यांची लांबी, फळ्यांची संख्या, भोकांमधील अंतर, लाकडाची जात व भागांची स्थानिक नावे यांची नोंद तातडीने व्हावयास हवी. मोजपट्टी, वही व कॅमेरा एवढ्या साधनांनिशी महाविद्यालयीन विद्यार्थी हे काम करू शकतात. स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पांत त्याचा समावेश प्राध्यापकांनी अवश्य करावा. कारण ज्यांना हे विचारता येईल असे वृद्ध कारागीर आता थोडेच उरले आहेत.